एका पायातले चाळ

तालमीला फोन चालणार नाही, हा नेत्रा पाष्टेचा कायदा. आणलाच तर दारातच तिच्या कापडी पिशवीत टाकायचा आणि तालीम संपली की मागून घ्यायचा. कायदा कसला, दादागिरीच ती! पण पाष्टेवाडीच्या बाप्यांनी ती भातकापणीपासून मुकाट्यानं सोसली. खंडूकाका तर साठी ओलांडलेला माणूस, वाडीच्या नाचाचा बुवा. त्याचा हात मृदंगावर पडला की भली भली पोरं सरळ होतात. तोसुद्धा आपला बटणांचा फोन पिशवीत सोडताना म्हणायचा, "घे गो बाय, हा पण घे. तुझ्या काकूचा फोन आला तर तूच बोल. मी सुटलो."

त्या दिवशीही तसंच झालं. जानेवारी सरत आला होता. रत्नागिरीच्या नाट्यगृहात, रंगमंचामागच्या खोलीत बाप्ये रंगायला बसले होते, नेत्राच्या खांद्याला ती जड पिशवी होती आणि चार वाजता तिचा नाच होता.

तिचा म्हणजे खरोखर तिचा. आजवर तिनं बसवलेले नाच कुणाकुणाचे होते, ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही.

तिचा बाप एसटीत कंडक्टर, म्हणून बिऱ्हाड रत्नागिरीत. आईला हौस, म्हणून पोरगी दुसरीत असतानाच आठल्येबाईंच्या भरतनाट्यमच्या क्लासला घातली. बाई शिकवायच्या अगदी मनापासून. पण नेत्राचा पाय पडला की फरशी दणाणायची आणि बाई कपाळाला हात लावायच्या. "अगं नेत्रा, नाचतेस की चिखलणी करतेस?" बाकीच्या मुली फिदीफिदी हसायच्या. नेत्रा घरी येऊन रडायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायची.

तो पाय कुठून आला, हे बाईंना काय ठाऊक! तो आला पाष्टेवाडीतून. हातखंब्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळायचं, वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा, की वाडी. सगळी घरं पाष्ट्यांची, एकच भावकी. गणपतीत तिथं जाखडी रंगायची. मधे बुवा मृदंग घेऊन बसलेला, भोवती बाप्यांचं रिंगण आणि प्रत्येकाच्या एकाच पायात चाळ, म्हणजे दोरीत ओवलेले पितळी घुंगरू. बाया आणि पोरी पडवीतून बघायच्या. रिंगणात सगळ्यात पुढे सदूआबा. नेत्राच्या बापाचा हा चुलतभाऊ, पण वयानं इतका थोरला की सगळी पोरं त्याला आबाच म्हणायची. क्लासला जायच्याही आधी, एका वर्षी नेत्रा खळ्याच्या कडेला एकटीच पाय आपटत होती. आबानं ते पाहिलं. नाच थांबवून तो बाहेर आला, स्वतःच्या पायातले चाळ सोडले आणि तिच्या घोट्याला बांधले. पोरीचा घोटा तो केवढा, दोरीचे दोन वेढे बसले.

"ये गो, आत ये. पाय हाय तुझा."

"पोरगीला घेतोस?" कुणीतरी कुरकुरलं.

"पाय बघा रे मेल्यांनो, पोरगी काय बघता!" आबा म्हणाला आणि विषय संपला.

नेत्राचा पहिला क्लास तो. आठल्येबाईंचा दुसरा. पण बायोडेटात पहिला कोण लिहितं?

पुढे व्हायचं ते झालं. ती पुण्याला शिकली, मुंबईत एका मोठ्या कंपनीत मागच्या रांगेत नाचली. मागच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण पाय चुकला की तेवढा मात्र सगळ्यांना दिसतो. एकदा तिथल्या दिग्दर्शकानं तिला बोलावून सांगितलं, "तुमचा तो कोकणी डान्स जाहिरातीत घ्यायचाय, दोन दिवसांत शिकव सगळ्यांना." तिनं जीव ओतून शिकवला, तर त्यानं दोन्ही पायांत प्लॅस्टिकचे घुंगरू बांधले आणि रिंगण मोडून सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर सरळ रांगेत उभं केलं. नेत्रा त्या रात्री जेवली नाही. पुढच्या आठवड्यात सामान आवरून रत्नागिरीला परत आली आणि स्वतंत्र कोरिओग्राफर झाली.

आता स्वतंत्र म्हणजे काय, तर डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं. तीच टोपली, तेच कोळीनृत्य, होडीत बसून रडणारं तेच एक पोर. उन्हाळ्यात लग्नाचे संगीत. पावस गावच्या कुठल्याशा रिसॉर्टवर नवरदेवाच्या आत्यांना ठुमके शिकवायचे आणि "आम्हाला सोप्पं दे हं काहीतरी" ऐकून घ्यायचं. नातेवाईक विचारायचे, "नेत्रा, तू नक्की करतेस काय गो?" दहा वर्षं ती या प्रश्नाला हसून उत्तर देत आली होती आणि हसण्याचा तिला आता वीट आला होता.

म्हणून 'वाट'. वाडीचा एक माणूस फार वर्षांनी मुंबईहून घरी येतो, एवढीच त्या नाचाची गोष्ट. एका पायात चाळ बांधून तो एकटा चालत येतो, मग एकेक करून वाडी त्याच्याभोवती रिंगण धरते. नाचणारे खरे जाखडीवाले, पाय खरे, मृदंग खंडूकाकाचा. नाट्यगृहात तीन दिवसांचा नृत्यमहोत्सव होता आणि त्यासाठी बंगळुरू-दिल्लीकडची जाणती माणसं आली होती. त्यांनी नाच निवडला तर वर्षभर देशात ठिकठिकाणी प्रयोग. नाही निवडला तर पुन्हा टोपली आणि होडी. नेत्राचं वय काही थांबून राहिलं नव्हतं. तिला माहीत होतं की हे हुकलं, तर तिला पुन्हा कुणी असं बोलावणार नाही.

वाट चालत येणारा तो माणूस म्हणजे सुजय, सदूआबाचा धाकटा. थोरला मुंबईत. सुजय लांज्याच्या काजूच्या कारखान्यात, कारण आबाला अर्धांगाचा झटका येऊन तो अंथरुणाला खिळलेला. कुणीतरी उशाशी हवंच. सुजयचे पाय बापाचेच, पण त्याची चाल मेली कायम उड्या मारणारी. नेत्रा सांगून सांगून दमली. "सुजय, जड टाक रे पाऊल. हा माणूस दमलाय."

"जड म्हंजे कसा, ताई? पिशव्या घेतल्यावानी?"

"पिशव्या नाहीत. आतून जड."

"आतून म्हंजे?" तो प्रामाणिकपणे विचारायचा आणि पुन्हा उड्या मारत यायचा.

आणखी एक गोष्ट, ती आधीच सांगायला हवी. वाडीचा नाच बाहेरगावी जायचा तेव्हा जुनी माणसं दुसऱ्या वाडीतले दोघे-तिघे मुद्दाम सोबत घ्यायची. खंडूकाकानं नेत्राला बजावलं होतं, "सगळी आपलीच घेऊ नको गो. चार परकी असू देत. वेळ काय सांगून येत नाय." नेत्रानं ऐकलं नाही. पाष्ट्यांचा श्वास एक, पाय एक, त्यात परका कुठे बसवू, हे तिचं म्हणणं. महोत्सवाच्या माहितीपत्रात तिनं अभिमानानं लिहूनही दिलं होतं की सगळे नर्तक एकाच भावकीतले. हुशार माणसं चुकतात ती अशी.

त्या सकाळी टेम्पो निघताना सुजय घुटमळला होता. "आबाचा श्वास जरा वर लागलाय, ताई."

"चारला नाच, दिवेलागणीला घरी," नेत्रा म्हणाली होती. "मी स्वतः आणून सोडते तुला."

आतून आबानं चांगला हात उचलून खुंटीकडे दाखवलं. तिथं त्याचे जुने चाळ टांगलेले होते. बाकीच्यांसाठी नेत्रानं पुण्याहून बक्कलवाले चामडी पट्टे आणले होते, पण सुजयनं बापाचेच घेतले, त्याच काळपट दोरीतले.

अडीचच्या सुमारास नेत्राचा फोन वाजला. हौसाकाकू, म्हणजे खंडूकाकाची बायको.

"नेत्रा, बाय, बाजूला कोण हाय काय?"

"थांब." नेत्रा खोलीबाहेर आली. "बोल काकू."

"सदूभावोजी गेले गो. जेवणाच्या वक्ताला. आवडावयनी पेज पाजत होती. एक घोट गिळला आणि मान टाकली."

"आज?"

नेत्राच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा. अरेरे नाही, आबा नाही. आज? ज्या माणसानं तिला रिंगणात घेतलं तो गेला, आणि हिच्या मनात काय आलं, तर चार वाजताचा नाच. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कान गरम झाले.

"आता आयक," काकू घाईघाईनं म्हणाली. "मी तुला काय सांगितलाच नाय. समजलीस? कळला नाय तवर सुतक नाय. आवडावयनीच बोलली, पोरांचा नाच होऊ दे, मग पाठव. फक्त दिवस हाय तवर पोचव. उचलायला वाडीत बाप्या माणूस नाय गो. जे हायत ते सगळे तुझ्याकडं."

आता सुतक म्हणजे सगळ्या भावकीला. एक पाष्टे गेला की दहावं होईपर्यंत कुठल्याच पाष्ट्यानं देवाला हात लावायचा नाही, मृदंगावर थाप मारायची नाही, पायात चाळ बांधायचे नाहीत. परक्याला हे लागू नाही, म्हणून तर खंडूकाकाला चार परकी हवी होती. पण कळेपर्यंत माणूस मोकळा, हेही जुनंच. म्हणून तर लग्नघरात मरणाची बातमी चार तास दाबून ठेवतात, अक्षता पडल्या की मग सांगतात. त्यात पाप नाही. ज्याला माहीत असतं, त्यानं तेवढं ओझं घ्यायचं.

"काकू, मग मला कशाला सांगितलंस गो!" नेत्रा जवळजवळ ओरडलीच.

"मग सांगू कोणाला? सगळ्यांना लावून झाले. कोण उचलत नाय."

नेत्रानं पिशवीचं तोंड उघडून पाहिलं. आवाज बंद केलेले ते सगळे फोन आत एकमेकांवर पडून मुकाट्यानं उजळत होते, विझत होते. कुणावर 'घर', कुणावर 'आवस', म्हणजे आई. सुजयच्या फोनवर नुसतं 'घर, घर, घर'.

तिनं तोंड बंद केलं. पिशवीचं, आणि आपलंही.

काय करावं माणसानं? सांगावं तर नाच गेला. नुसता तिचा नव्हे, सगळ्यांचा. तिन्हीसांजेला शेतातून थेट तालमीला येऊन चिखलाच्या पायांनी उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या बाप्यांचा गेला. न सांगावं तर बापाचं प्रेत घरात ठेवून पोराला नाचवलं. आणि आबाची बायको आवडाबाई म्हणते, नाचव. काकू म्हणते, नाचव. वाडी म्हणते, आम्ही तुला सांगितलंच नाही. सगळ्यांनी मिळून गाठ हिच्या एकटीच्या हातात दिली होती, तीही प्रेमानं. रागवायचं तरी कुणावर? नेत्राला वाटलं, कुणीतरी यावं, हे आपल्याकडून काढून घ्यावं आणि काय करायचं ते सांगावं. पण भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ उभी होती आणि कुणी आलं नाही.

शेवटी ती आत गेली. दोन तास, तिनं स्वतःला सांगितलं. फक्त दोन तास.

"ताई, बांध ना," सुजयनं पाय पुढे केला. त्या सगळ्यांच्या पायात चाळ नेत्राच बांधायची. आबानं तिला बांधले होते तसे. ती खाली बसली. दोरी सैल पडू नये म्हणून तिनं ती नेहमीप्रमाणे पाण्यात भिजवून घेतली. सुकली की अशी आवळते की पायाचीच होऊन जाते.

"घट्ट बांध हां. मधेच सुटला तर आबा घरात घेणार नाय."

नेत्रा आवळत राहिली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, किती मारल्या तिलाच कळलं नाही.

"ताई, घरनं फोन होता काय?"

"रेंज नाही इथे," ती म्हणाली. मान वर केली नाही.

पावणेचारला सगळे पडद्याआड उभे राहिले. पलीकडे प्रेक्षागृह भरल्याची कुजबुज ऐकू येत होती. महोत्सवाचं निवेदन करणारा विनीत, नेत्राचा कॉलेजातला मित्र, कागद हातात घेऊन विंगेत सज्ज होता. आता गाऱ्हाणं. नाच कुठंही असो, खळ्यात की नाट्यगृहात, आधी बुवानं देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी एका तोंडानं होकार द्यायचा. एकही आवाज कमी पडता कामा नये. पडला तर गाऱ्हाणं अर्धं.

खंडूकाकानं डोळे मिटले, हात जोडले.

"बा वाडीच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरं परक्या मांडवात उभी हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नेत्रानंही म्हटलं. कसंबसं.

"त्यांच्या पायाला बळ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या घरांची दारां उघडी टाकून ती हितं आलीत, त्या घरांतल्या माणसांना सुखरूप ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खंडूकाकानं डोळे उघडले. त्याचे कान मृदंगवाल्याचे. "नेत्रा, तुझा आवाज नाय आला."

"काका, वेळ होतेय."

"होऊ दे." त्यानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच म्हटलं, सावकाश. "त्या घरांतल्या माणसांना सुखरूप ठेव, म्हाराजा!"

सगळ्यांनी होकार दिला. नेत्रानं तोंड उघडलं. व्हय म्हणायचं होतं, दुसरं काही नाही. एवढासा शब्द. तो येईना. सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुजयनं पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि त्याच्या रंगवलेल्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"ताई, आबा?"

नेत्रानं मान हलवली. "जेवणाच्या वेळेला. काकूचा फोन होता. मी... सुजय, मी सांगणार होते रे. नाच झाल्यावर सांगणार होते."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तर त्याहून बरं. खंडूकाकानं मृदंगावरून हात काढला, खांद्यावरचं उपरणं त्यावर झाकलं आणि म्हणाला, "आटपा." बक्कलं सुटल्याचे आवाज झाले. चामडी पट्टे एकेक करून नेत्राच्या पायाशी येऊन पडले.

विनीत धावत आला. "काय झालं? दोन मिनिटांत पडदा आहे!"

"सुतक आलं. सुजयचे वडील गेले."

"अरे देवा." त्याला खरंच वाईट वाटलं. "मग... उद्या करू या? पण पाहुणे उद्या सकाळीच निघतायत. नेत्रा, तू एकटी कर काहीतरी. पाच मिनिटांचं. मी त्यांना समजावून सांगतो."

"मीही पाष्टेच आहे."

"पण तू मानतेस हे?"

काय सांगणार त्याला? मानते की नाही, हे नेत्राला आजवर कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "त्यांनीच मला रिंगणात घेतलं होतं रे."

सुजय जमिनीवर बसून गाठ सोडवत होता. सुटेना. दोरी सुकून घोट्यात रुतली होती. एकानं दातांनी ओढून पाहिली, दुसऱ्यानं नखं लावली. विनीतनं मेकअपच्या टेबलावरची कात्री आणून दिली.

"नको," सुजय म्हणाला. बातमी कळल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द. "आबानं ओवलेले हायत. कापायचे नाय."

तो तसाच उठला आणि मागच्या दाराकडे निघाला. छुम, छुम, छुम. पडद्यापलीकडची कुजबुज थांबली. घुंगरू वाजले म्हणजे नाच सुरू झाला असं वाटून प्रेक्षागृहातून टाळ्यांचा कडकडाट झाला. चांगल्या, भरघोस टाळ्या. नेत्रानं दहा वर्षं वाट पाहिली होती त्या टाळ्यांची. तिला वाटलं, धावत जावं, पडदा फाडावा आणि ओरडून सांगावं की गप्प बसा, नाच नाही हा. पण तिनं खाली वाकून पट्टे गोळा केले, कारण कुणीतरी ते उचलायला हवेच होते.

बाहेर अनिलचा टेम्पो उभा होता. अनिल म्हणजे टेम्पोचा मालक, लांज्याचा, पाष्टे नव्हे. त्यानं नुसतं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी चालू केली. मागं सगळे दाटीवाटीनं बसले. कुणी शेल्यानं तोंडावरचा रंग पुसत होतं. नेत्रानं पिशवी उघडून एकेकाचा फोन एकेकाच्या हातात दिला. सुजयनं आपला घेतला, 'घर'कडे पाहिलं आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

हमरस्त्याचं काम चाललेलं, खड्डा चुकवावा तर दुसऱ्यात. प्रत्येक खड्ड्याला सुजयच्या पायातले चाळ वाजायचे. टेम्पोत मरणाची शांतता आणि मधेच छुम. सगळे दचकायचे आणि दुसरीकडे बघायचे. मयताच्या घरी घुंगरू वाजवत जायचं म्हणजे काय! थोड्या वेळानं नेत्रा आपल्या जागेवरून उठली, त्याच्या पायाशी खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी त्याचा घोटा घट्ट धरून ठेवला. घुंगरू मुठीत गप्प झाले.

"ताई, राहू दे."

"राहू दे काय! बस तू."

त्यानं पाय मागे घेतला नाही. हातखंबा आलं, मागे पडलं. तिठ्यावरच्या टपऱ्यांतून वडे तळल्याचा वास आला, कुणाचा तरी हॉर्न किंचाळला. नेत्राच्या हातांना रग लागली, बोटं बधिर झाली, तरी तिनं पकड सोडली नाही. हे एवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटत होतं. तिनं मनातल्या मनात आबाची माफी मागून पाहिली. शब्द जुळेनात.

वहाळापाशी टेम्पो थांबला. पुढं वाट पायाची. ऊन माडांच्या शेंड्यांवर चढलं होतं, म्हणजे वेळ होती अजून. बाकीचे उतरून पुढे झाले. कुणी बांबू तोडायला गेलं, कुणी लाकडांकडे. खंडूकाका सुजयच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबला आणि तोही पुढे गेला.

"सोड, ताई," सुजय म्हणाला.

तिला मूठ उघडावीच लागली. चालत्या माणसाचा पाय किती धरून ठेवणार?

तो घराच्या वाटेला लागला आणि चाळ वाजायला लागले. खळ्यातून बायांच्या रडण्याचा आवाज येत होता. आता हा उडी मारत चालला असता तर! पण नाही. त्यानं टाच टेकली, थांबला. मग पंजा. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मग दुसरं पाऊल, बिनआवाजाचं. पुन्हा टाच. एकाआड एक पावलाला छुम, आणि मधे इतकी मोठी शांतता की पुढचं पाऊल पडेल की नाही, ते सांगता येऊ नये.

खळ्यातलं रडणं अचानक थांबलं. सगळ्या बाया वळून वाटेकडे बघायला लागल्या. आवडाबाई, आबाची बायको, प्रेताच्या उशाशी गुडघ्यात मान घालून बसली होती. तिनं मान वर केली. गणपतीच्या दिवसांत पहाटे पहाटे, रात्रभर नाचून दमलेला नवरा घरी यायचा, तेव्हा हाच आवाज तिनं उभा जन्म ऐकला होता.

"आले काय?" तिनं विचारलं.



नेत्रा वहाळाच्या काठावर उभी होती. हेच पाऊल. हेच तिला इतके दिवस सांगता येत नव्हतं, दाखवता येत नव्हतं, हेच ती त्या पोराकडे मागत होती. जड म्हंजे कसा, ताई? हा असा. आणि तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत. धाय मोकलून रडायचं सोडून ती मोजत होती. एक, दोन, थांब. एक, दोन, थांब. तिनं स्वतःला शिवी हासडली. दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. तळव्यांत घुंगरांचे वळ उठले होते, त्यांना पितळेचा वास येत होता, आणि तळव्यांच्या आत ओठ मोजतच राहिले.